डबा रिकामा, तरच किल्ली

"ब्रेक! अगं ब्रेक दाब!" शिट्टी ओरडली.

"ब्रेक अजून बसवलाच नाहीये!" खार ओरडली.

"पण मग आपण बसलोच कशाला?" सगळ्यात मागून पणू ओरडला.

उशीर झाला होता. एक लाकडी खोकं, ढकलगाडीची चार चाकं आणि सुकाणू म्हणून एक वाकडी सळई, अशी ती तिघांची गाडी वर्कशॉपच्या उतारावरून खडखडत सुटली होती. आणि नेमका त्याच क्षणी फाटकातून एक ट्रक आत शिरला!

शिट्टीने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की ट्रक जागच्या जागी थांबला. खोकं वळलं आणि जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन घुसलं.

"आधीच माझी गाडी लंगडतेय, त्यात तुम्ही आडवे या!" ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हातपाय आहेत ना जागेवर?"

"मोजतोय!" पणू म्हणाला.

खारचं मोजण्याकडे लक्षच नव्हतं. ती ट्रककडे बघत होती. निळा रंग. पुढच्या काचेमागे लोंबणारं कापडी माकड. आणि इंजिनाचा आवाज... ढग्-ढग्, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा ढग्. चार पायांचं जनावर एक पाय उचलून चालावं, तसा.

तिने पँटच्या आतल्या खिशावर हात दाबला. तिथे, सेफ्टी पिनेच्या पहाऱ्यात, एक क्लिप होती.

वर्कशॉप मावशीचं. दर सुट्टीला खार इथेच यायची. पणू हा मावशीचा मुलगा. कुणी 'ऊन आहे' म्हटलं, तरी तो 'पण' म्हणूनच सुरुवात करायचा. शिट्टी समोरच्या घरात राहायची. आणि खार म्हणजे खारच! बारीक चपळ हात, आणि सापडेल ते खिशात कोंबायची खोड.

वर्कशॉपच्या दाराशी एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. काम करताना एखादा नट, वॉशर, स्क्रू उरला किंवा जमिनीवर सापडला, की तो डब्यात टाकायचा. मग तो कुठला, हे सापडेपर्यंत कुठल्याच गाडीची किल्ली फिरवायची नाही. 'डबा रिकामा, तरच किल्ली!' मावशीच्या वडिलांपासूनचा नियम. तो मोडायची हिंमत खुद्द मावशीचीही नव्हती.

खारने तो मोडला होता.

पंधरा दिवसांपूर्वी हाच ट्रक तेलगळतीसाठी आला होता. काम संपत आलं, तेव्हा मिस्त्रीआजोबांनी तिला हाक मारली. आजोबा या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं होते. "ये गं खारे. इंजिनाच्या मागे माझा पंजा शिरत नाही. या वायरींच्या जुडग्याला तीन क्लिपा आहेत, आतून रबर लावलेल्या. बसव आणि मला सांग."

पहिल्यांदाच खऱ्या ट्रकचं खरं काम! दोन क्लिपा बसल्या. तिसरी निसटली आणि टण् टण् करत कुठेतरी गेली. खारने चाचपलं, वाकून बघितलं. नाहीच.

"झालं का गं?"

"झालं!" ती म्हणाली. आणि खिशातला तारेचा एक तुकडा काढून तिने जुडगा इंजिनाच्या पट्टीला आवळून टाकला. दिसायला अगदी घट्ट.

ट्रक गेल्यावर ती क्लिप जमिनीवर सापडली. तेव्हाच ती डब्यात पडायला हवी होती. पण त्याच वेळी आजोबा मावशीला सांगत होते, "पोरीचा हात स्वच्छ आहे हो. काम असं करते की मागे वळून बघावं लागत नाही!"

एवढं ऐकल्यावर क्लिप डब्यात कशी टाकणार? ती खिशात गेली.

* * *

"बघू तरी कुठला पाय दुखतोय," आजोबा म्हणाले. त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांवर एकेक थेंब सोडला. चर्र! चर्र! तिसरीवर... काहीच नाही. थेंब तसाच बसून राहिला. चौथीवर पुन्हा चर्र!

"तिसरी थंड. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटतच नाहीये."

"आजोबा, एका वाटीत तपासणी!" शिट्टी म्हणाली.

तेवढ्यात मावशीने बोलावलेले स्कॅनरवाले साहेब आले. त्यांनी लॅपटॉपची वायर ट्रकला जोडली आणि बोटं चालवायला सुरुवात केली. टकटक, टकटक. पोरांनी त्यांचं नाव केव्हाच टकटकसाहेब ठेवलं होतं.

"तीन नंबर इंजेक्टर!" साहेबांनी जाहीर केलं.

"पण ते तर आजोबांनी मघाशीच..." पणूला मावशीने डोळ्यांनीच गप्प केलं.

"इंजेक्टर म्हणजे डिझेलची पिचकारी," साहेब शिट्टीला समजावू लागले. "प्रत्येक सिलिंडरला एक. ती बिघडली. बदलायची."

"आधी वायरी बघू या का?" आजोबांनी विचारलं.

साहेबांनी वायरी तपासायच्या मीटरची दोन टोकं दोन जागी लावली आणि लगेच काढलीसुद्धा. "वायरिंग ओके! आजोबा, ही आताची इंजिनं आहेत. वाटीतल्या पाण्याने नाही कळत."

खारने सुटकेचा श्वास सोडला. पिचकारी बिघडलीय! वायरी नाहीत! मग तिची नजर आजोबांकडे गेली. ते वाटी पुसून जागेवर ठेवत होते. आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

* * *

दुसऱ्या दिवशी नवा इंजेक्टर बसला. त्याच्यावर कोरलेला लांबलचक नंबर साहेबांनी लॅपटॉपमध्ये भरला, दोनदा तपासला आणि किल्ली फिरवली.

ढग्-ढग्, रिकामी जागा, ढग्.

"हं," साहेब म्हणाले. टकटक बराच वेळ चालली. "मग इंजिनाचा कॉम्प्युटर. कुठल्या पिचकारीने कधी फवारायचं, हा हुकूम तोच सोडतो." त्यांनी इंजिनाच्या बाजूला बसवलेली, पाटीएवढी चपटी धातूची पेटी दाखवली. "तीन नंबरचा हुकूम बाहेरच पडत नाहीये. ती वाट आतून जळलीय. नवा कॉम्प्युटर लागेल. एकच शिल्लक आहे, उद्या येईल. दुसरा हवा असेल तर महिना."

"महिना!" ड्रायव्हरकाका टायरावरच बसले.

"मागच्या वेळी वायरिंगला हात कुणी लावला होता?" साहेबांनी विचारलं.

मावशीने कामाची वही उघडली. त्या तारखेपुढे आजोबांची सही होती.

"मीच," आजोबा म्हणाले.

"मग प्लग नीट बसला नसेल, पाणी शिरलं असेल. होतं असं. वय झालं की हात विसरतात."

आजोबांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते आणि कुणीतरी सांभाळायला दिले होते.

"असेल," ते म्हणाले. "परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला मी. इथेही काही राहिलं असेल." त्यांनी कमरेची किल्ली काढली. त्यांच्या हत्यारांच्या कपाटाची. ती मावशीच्या टेबलावर ठेवली. "उद्या कॉम्प्युटर बसला की मी थांबतो. पुढच्या वेळी ब्रेकचं काही विसरलो, तर कुणाचा तरी जीव जाईल."

"अहो, असं काय बोलता!" मावशीचा आवाज चिरकला.

खारने खिशातली पिन उघडली. आणि पुन्हा लावून टाकली.

* * *

"तपास!" टायरांच्या ढिगामागे शिट्टीने मूठ आपटली. "आजोबा असं विसरूच शकत नाहीत. आपण शोधायचं!"

"पण मला एक सांग," पणू म्हणाला. "कॉम्प्युटर जळला, हे कळलं. पण जाळला कुणी?"

"जाऊ दे ना," खार पुटपुटली. "आपण आपल्या गाडीला ब्रेक लावू या."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"तू असं म्हणतेस?" शिट्टी म्हणाली. "आजोबांची सगळ्यात लाडकी तू!"

"मला वाटलं... मोठ्यांचं काम आहे."

"मोठ्यांचं काम मोठ्यांना जमलं असतं, तर आपण इथे बसलो असतो का? चल ऊठ!"

मग काय, खार उठली. हेरांच्या टोळीत चोरही सामील झाला.

ड्रायव्हरकाका ट्रकच्या सावलीत बसले होते. "काका, लंगडणं सुरू कधी झालं?" शिट्टीने दरडावून विचारलं, जणू ती फौजदार.

"इथून गेल्यावर पाच-सहा दिवसांनी. गंमत अशी, की सपाट रस्त्यावर अगदी गुणी बाळ! खडीवर गेलो, की लंगडायची. परवा मात्र कायमचीच."

पणूचे डोळे मोठे झाले. "हलल्यावर! पण म्हणजे काहीतरी हलतंय आणि कुठेतरी टेकतंय!"

"आणि टकटकसाहेबांनी वायरी तपासल्या, तेव्हा ट्रक उभा होता!" शिट्टी उडालीच.

"पण मग एखादी उघडी वायर इंजिनाला टेकूनच कॉम्प्युटर जळला असेल, तर..." पणूने श्वास घेतला. "नवा बसवला, की तोही जळेल!"

खारला हे मघापासून कळलं होतं.

तिघं धावतच साहेबांकडे गेले. साहेब लॅपटॉप गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "सुट्टी आहे ना? पत्ते खेळा, पत्ते! मी मीटर लावला होता, तुमच्यासमोर."

"पण तेव्हा ट्रक हलत..."

"पणोबा, पत्ते!"

मावशी दुसऱ्या गाडीखाली आडवी होती. नुसते पाय दिसत होते. "साहेबांचं काम साहेबांना करू दे रे!" पाय म्हणाले.

परत येताना शिट्टी म्हणाली, "इंजिनाच्या मागे हात घालून बघायला हवं. आपल्यात फक्त खारचा हात जातो."

"उद्या बघू," खार म्हणाली आणि हात खिशात लपवला.

* * *

उद्या उजाडला, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून नवा कॉम्प्युटर आला. साहेबांनी जुन्यातली सगळी माहिती नव्यात उतरवली. बॅटरीची वायर सोडवून जुनी पेटी काढली, नवी बसवली, दोन्ही मोठे प्लग खट्कन लावले. काम नीटनेटकं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती.

"साहेब, एकदा वायरी हलवून बघा ना!" शिट्टीने शेवटचं विनवलं.

"मला दुपारी दुसरीकडे जायचंय," म्हणत साहेबांनी बॅटरी जोडली आणि ते केबिनमध्ये चढले.

कोपऱ्यात आजोबा त्यांच्या कपाटातली हत्यारं पुसत होते. एकेक पाना, आकारानुसार ओळीत. पुढच्या माणसाला सापडायला सोपं जावं म्हणून.

खारने ते पाहिलं. साहेबांचा हात किल्लीकडे गेला. आता ओरडून काही उपयोग नव्हता, ओरडून कालपासून झालं होतं. या वर्कशॉपमध्ये फिरणारी किल्ली थांबवणारी एकच गोष्ट होती.

तिने सेफ्टी पिन उपसली. ती बोटाला टोचली. दाराशी जाऊन तिने हात डब्यावर धरला आणि मूठ उघडली.

टण्ण!

आवाज एवढासा. पण आजोबांच्या हातातलं फडकं थांबलं. "थांबा! डब्यात काहीतरी पडलं!"

"नंतर बघू हो," केबिनमधून साहेब म्हणाले.

"साहेब, खाली उतरा." मावशी गाडीखालून सरपटत बाहेर आली होती. "डब्यात काही असलं की इथे किल्ली फिरत नाही."

"हा कसला नियम?"

"माझ्या वडिलांचा. एक नट आत राहिला आणि एक अख्खं इंजिन फुटलं, त्या दिवसापासूनचा. उतरा."

साहेब उतरले. मावशीने डब्यात हात घातला. "रबरी क्लिप. वायरींची. कुठल्या गाडीची ही?"

तिने ती सगळ्यांपुढे धरली.

"याच," खार म्हणाली.

तिला वाटलं होतं, आपण रडू. पण रडूही आलं नाही. ते आलं असतं, तर निदान तोंड झाकता आलं असतं. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत तिने एकेक शब्द बाहेर ढकलला. "मागच्या वेळी तिसरी क्लिप मी पाडली. ती जागा मी तारेनं बांधली. आजोबांना झालं म्हणून सांगितलं. क्लिप नंतर सापडली, तर खिशात लपवली. आजोबा काहीच विसरले नव्हते."

"म्हणजे..." शिट्टीचा आवाज बारीक झाला. "काल आमच्याबरोबर तपास करत होतीस, तेव्हाही तुला माहीत होतं?"

खारने होकारार्थी मान हलवली. पणूने बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला 'पण' सापडला नाही.

मावशीने रागावण्याआधी काम बघितलं. बॅटरीची वायर सोडवली, कॉम्प्युटरचा प्लग काढला. मीटर पणूच्या हाती दिला. एक टोक तीन नंबरच्या वायरीला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. "दोन्हींचा स्पर्श असेल तर हा ओरडेल."

मीटर गप्प.

"बघा, ओके!" साहेब म्हणाले.

"हात घाल," मावशी खारला म्हणाली. नाव न घेता.

शिट्टीने आरसा धरला, खारकडे न बघता. खारचा हात इंजिनामागे गेला. तार हाताला लागली. तिने जुडगा खडीच्या रस्त्यासारखा गदागदा हलवला.

पींऽऽऽ!

सगळे दचकले. हलवणं थांबलं, मीटर थांबला. पुन्हा हलवलं. पींऽऽऽ!

तार सोडवून जुडगा पुढे ओढला, तेव्हा सगळ्यांनीच बघितलं. तारेने घासून घासून एका वायरीचं कव्हर पार खाल्लं होतं. आतलं तांबं चकाकत होतं.

साहेबांनी नव्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग किल्लीकडे, मग घाम पुसला. "हाही गेला असता," ते म्हणाले. "आजोबा, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता, वायरी बघू या. मी मीटर लावला तो नुसता दाखवायला. चुकलो."

"आणि मी पोरांना गाडीखालूनच उत्तर दिलं," मावशी म्हणाली.

* * *

आजोबांनी वायर वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडली, वर नवं कव्हर चढवलं. मावशीने डब्यातली क्लिप खारच्या हातात दिली. या वेळी बसवताना खारने सतरा वेळा ओढून बघितली.

किल्ली फिरली. ढग्-ढग्-ढग्-ढग्! चारही पाय जमिनीवर!

शिट्टीने अशी शिट्टी मारली, की कापडी माकडसुद्धा हललं असावं. ड्रायव्हरकाकांनी पणूला उचललंच. "पोरांनो, महिनाभर बसलो असतो रे मी! शाबास!"

"प्रश्न पणूने विचारला, माग शिट्टीने काढला," मावशी म्हणाली. "सांगूनही कुणी ऐकलं नाही, तरी सोडला नाही. शाबास!" मग ती खारकडे वळली. "जुना कॉम्प्युटर जळाला तो जळालाच, तो काही परत यायचा नाही. पण चारचौघांत खरं बोललीस. त्याची शाबासकी तुलाही."

खारला वाटलं, ही शाबासकी परत घ्यावी कुणीतरी. मागची पण अशीच गोड होती.

"तुझ्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलणार नाही," शिट्टी कानाशी येऊन म्हणाली. मग थोडं थांबून, "चार वाजेपर्यंत."

खार आजोबांकडे गेली. ते पाने पुन्हा कपाटात लावत होते.

"आजोबा, मला रागवा ना."

"रागावतोय की," ते पाठमोरेच म्हणाले. "क्लिप पडली, त्याचं काही नाही. माझ्या हातून शंभर पडल्या असतील. पण कालपासून मला वाटत होतं, माझे हात गेले." त्यांनी पाना जागेवर ठेवला. "काल पाणी प्यायला पेला उचलला, तर तोही दोन्ही हातांनी धरला मी. आपला भरवसा नाही म्हणून."

खारला तेव्हा रडू आलं. आता तोंड झाकायचीही गरज वाटली नाही.

तिने वही आणली. त्या तारखेपुढे, आजोबांच्या सहीशेजारी लिहिलं, 'तिसरी क्लिप मी बसवली नव्हती,' आणि खाली आपली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. मावशीच्या टेबलावरची कपाटाची किल्ली तिने आजोबांपुढे धरली. आजोबांनी ती घेतली आणि कमरेला अडकवली.

मग ती दाराशी गेली आणि तिने दोन्ही खिसे डब्यावर उलटे केले. टण, टण, टणाटण! दोन वॉशर, एक स्क्रू, स्प्रिंग, पेनाचं टोपण, गोटी, तारेचे तुकडे. शेवटी सेफ्टी पिन.

डबा घेऊन ती आजोबांपुढे उभी राहिली. आजोबांनी चष्मा खाली ओढला आणि एकेक वस्तू उजेडात धरून बघितली.

"वॉशर कुठले?"

"आपल्याच खोक्याच्या गाडीचे. स्क्रूपण. स्प्रिंग ब्रेकसाठी ठेवलीय."

"आणि ही गोटी? हिचं इंजिन कुठलं?"

खार रडता रडता हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी गोटी तिच्या तळहातावर ठेवली, बाकीचं कुठलं ते विचारून विचारून जागच्या जागी लावायला लावलं, आणि रिकामा झालेला डबा तिच्याच हाताने खिळ्याला टांगून घेतला.

"आता जा," ते म्हणाले. "आधी त्या खोक्याला ब्रेक लावा. आणि झालं, की मला बोलवा. मी बघेन."